मस्केटला खोबरेल

आमच्या घरात तीन बंदुका होत्या आणि तिघींनी मिळून जन्मात एक ससासुद्धा मारला नाही. वांदरं माडावर चढून कोवळे नारळ खाली टाकायला लागली की सासरे त्यातली एक घेऊन मागच्या दारी यायचे, आभाळाकडे नळी करून एक बार काढायचे आणि वांदरं उड्या मारत शेजारच्या वाडीत जायची. शेजाऱ्यांकडे बंदूक नव्हती, पत्र्याचा डबा होता. तो वाजला की ती पुन्हा आमच्याकडे यायची. वर्षानुवर्षं हा उद्योग चालला आणि वांदरांच्या व्यायामाखेरीज त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. शेतीच्या राखणीसाठी त्यांना परवाना होता खरा, पण माणूस मुळात बंदूकवाला नव्हे. त्यांना हौस होती ती दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूंची. भंगारात निघालेला कंदील, बोटीवरून उतरवलेला भोंगा, एसटीचं जुनं आसन, काहीही घरी यायचं. बंदुकाही तशाच आल्या. नवी घ्यायची ऐपत नव्हती हे एक, आणि नवी घेण्यात मामांना गंमतही वाटली नसती. तिन्ही सरकारी नोकरी संपवून आलेल्या. पहिली ठासणीची, मामांच्या वडिलांची. ती कुठल्याशा मोडलेल्या पलटणीतून गावात आली म्हणत. दुसरी खालचा खटका ओढला की उघडायची, म्हणून तिचं नाव खटक्याची. ती एका संस्थानच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर होती. संस्थान गेलं, पहारा गेला आणि बंदूक लिलावात निघाली. आवाज मोठा, आणि तिची काडतुसं अलिबागच्या दुकानात मिळायची, त्यामुळे वांदरांशी जे काही बोलायचं ते तीच बोलायची.

तिसरी मस्केट. ती जन्माने लष्करी रायफल. लढाई संपल्यावर तिच्या नळीतले आतले आटे खरवडून ती गुळगुळीत केली आणि पोलिसांना दिली. पोलिसांना नव्या मिळाल्या तेव्हा ती निकालात निघाली, आणि फिरत फिरत पनवेलच्या एका परवानावाल्या दुकानदाराकडे कोपऱ्यात उभी होती. मामा सुपारी विकायला गेले होते. येताना चौकशी करून आले आणि कागदपत्रं झाल्यावर ती घेऊनच आले. तिच्या नळीवर एक नंबर होता, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टवर दुसरा, आणि दस्त्याच्या पितळी पट्टीवर तिसराच. मामा म्हणायचे, "ही एकली न्हाय. मोडक्या तिघीचौघी मिळून झालेली हाय." पुढे तिची काडतुसं मिळेनाशी झाली आणि ती मुकी झाली. तरी घरात सगळ्यात जास्त कौतुक तिचंच.

आता मी यात कशी आले ते सांगते. माझं माहेर म्हसळ्याचं. वडिलांचं बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी कुणाची मुलगी हे सांगायला "मशीनवाल्याची" एवढं पुरायचं. इतर मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी दुकानात बसून लोकांच्या मशिनींच्या पोटातून दोरे, केस आणि एकदा तर आख्खं झुरळ काढलेलं आहे. लग्नात वडिलांनी मशीन दिली, आणि तिच्या खणात तेलाची एक चोच असलेली बाटली.

लग्नानंतरची पहिली थंडी. हातात हिरवा चुडा, तोंडातून आवाज काढायची अजून चोरी. सकाळी ओटीवर मामा मस्केटशी झोंबत बसलेले. बोल्ट मागे सरकेना. ते दम लावून ओढत होते, मग थांबून तिला दोन शब्द सुनवत होते, पुन्हा ओढत होते. मी दारामागून बघत होते आणि बघवेना. शेवटी म्हटलं, "मामा, ती बिघडलेली नाही. तिच्यातलं तेल गोठलंय."

आमच्या किनाऱ्यावर खोबरेल हे एका तेलाचं नाव नाही, तो स्वभाव आहे. डोक्याला खोबरेल, बाळंतिणीला खोबरेल, भाजलं तर खोबरेल, बिजागरी कुरकुरली तर खोबरेल, आणि माणूस कुरकुरलं तरी त्याला खोबरेलच चोळतात. वाडी स्वतःची, नारळ स्वतःचे, घाणी गावात. मग दुसरं तेल विकत कोण आणणार? थंडीत ते बाटलीत मेणासारखं घट्ट होतं, हे तर सगळेच बघतात. बाटली उन्हात ठेवतात आणि विसरतात. तेच बंदुकीच्या पोटातही होत असेल असं मात्र पिढ्यान्पिढ्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. थंडीत बंदुका आखडतात, जसे म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात, असंच गाव समजून होतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "सकाळीच तर घातलंय ताजं तेल, बाय."

"म्हणूनच," मी म्हणाले.

मग त्यांनी मला समोर बसवलं. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे ते समोर असल्याशिवाय मी कधी बंदुकीला हात लावला नाही, आणि त्या दिवशी तर ते जागचे हललेच नाहीत. बोल्ट उन्हात धरून सैल केला, बाहेर काढला आणि रॉकेलमध्ये बुडवला. आतून जे निघालं ते रवाळ तुपासारखं होतं, फक्त काळं. सगळं पुसून मशिनीच्या बाटलीतलं थोडंसं तेल सोडलं आणि बोल्ट परत बसवला. मामांनी तो मागे ओढला, पुढे ढकलला, मागे ओढला, पुढे ढकलला. चहा गार झाला तरी त्यांचं संपेना. नंतर म्हणाले, "बाय, तुझ्या बापानं मशीनीसंगं अक्कल पन दिली व्हय आंदणात."

त्या दिवसापासून आमचा तह झाला. डोक्याला खोबरेल, बंदुकीला मशीनचं तेल. मी तह पाळला. मामा चोरून मोडायचे. माझी पाठ वळली की लाकडावर, पट्ट्यावर, जिथे जमेल तिथे बोटभर खोबरेल फिरवायचे आणि वर मला सांगायचे की वास शेजारून येतोय.

नवरा पनवेलच्या कंपनीत, शनिवारी यायचा. सासूबाईंचा दिवस चुलीपाशी आणि सुपारीत. राहिलो मी आणि मामा. पावसाळ्यात दुपारी वाडीत काही काम नसलं की ओटीवर सतरंजी पडायची आणि तिन्ही बंदुका बाहेर यायच्या. समुद्रावरचा वारा लोखंडाला सोडत नाही. आज चकचकीत केलेली नळी आठवड्याने तांबूस दिसते. नळी पुसायला पोफळीची सरळ चिरलेली काठी, तिच्या टोकाला माझ्या जुन्या साडीची चिंधी. बाहेरच्या गंजाला सोडण, म्हणजे नारळावरची काथ्याची साल, आणि चुलीतली राख. इतकं हलकं घासायचं की गंज जावा आणि खालचे नंबर राहावेत. मामा बोलायचे कमी. एखादा खोडलेला शिक्का सापडला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "ही कुठं कुठं जाऊन आली असंल गं?" मला काय माहीत? मी म्हसळ्याच्या पलीकडे कुठे गेले होते? पण आम्ही दोघं मिळून तिला वाळवंटात नेऊन आणायचो, बर्फात नेऊन आणायचो. बर्फात मात्र हिला खोबरेल घालून चालणार नाही, असा टोमणा मी न चुकता मारायची.

सासूबाईंना हे बघवायचं नाही. "लोकांच्या सुना सासूच्या हाताखाली शिकतात," त्या म्हणायच्या, "माझी सून सासऱ्याच्या बंदुकीखाली गेली." पण चहा त्याच आणून ठेवायच्या.

मस्केटचा दस्ता आधीच चिरलेला होता. एका पावसाळ्यात तो पार उकलला. खाडीवर होड्या बांधणारे एक सुतार होते, त्यांना सगळा गाव चाचा म्हणायचा. आमच्या विहिरीपाशी उंडीचं झाड होतं, त्याची पडलेली फांदी मामांनी सावलीत सुकवून ठेवली होती. ती घेऊन आम्ही खाडीवर गेलो. चाचांनी लाकडावर नख मारून बघितलं. "उंडी हाय. खाऱ्या पान्याला डरत नाय," ते म्हणाले. "होडीचा काम समजून करतो, इन्शाअल्ला." आणि त्यांनी खरंच ते होडीचं काम समजूनच केलं. वाकसाने तासून, कानसून, दस्ता असा सुरेख उतरवला की मामा त्याला गाल लावून डोळे मिटून उभे राहिले. फक्त शेवटी, होडीला लावतात तेच माशाचं तेल चाचांनी त्याला प्रेमाने तीन हात पाजलं. घरी येईपर्यंत गावातली मांजरं मामांच्या मागे. महिनाभर मस्केट कपाटात ठेवली की मांजर कपाटापाशी बसायचं. मामांनी त्याचं नाव पहारेकरी ठेवलं होतं. दुधी रंगाचं ते लाकूड पुढे आमच्या हातांनी तांबूस होत गेलं. मला आजही डोळे मिटले की त्या दस्त्याची गोलाई तळहाताला कळते.

निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. ही आमच्याकडची जत्राच. वाडीवाले बंदुका घेऊन येतात, कुणी सतरंजीत गुंडाळून आणतं, कुणी लुंगीत, कुणी मच्छरदाणीत. रांगेत उभं राहून एकमेकांचा गंज बघायचा आणि आपला झाकायचा. मामा मस्केट माझ्या लग्नातल्या पिवळ्या साडीच्या तुकड्यात न्यायचे. महिना-दीड महिन्याने बंदुका घरी यायच्या त्या गळ्यात चिठ्ठी आणि अंगावर तांबडं घेऊन. पुन्हा सोडण, पुन्हा राख.

एकदा निवडणूक नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयते, आडकित्ता, विळी, माझी मशीन, आणि मधोमध तिन्ही बंदुका. त्या वर्षी मधली जागा मोकळी. मामांनी पूजा केली, पण पाटावरून उठेनात. मग म्हणाले, "बाय, तबक घे." आम्ही दोघं हळदकुंकू, झेंडूचे हार घेऊन ठाण्यात हजर. हवालदार म्हणाला, "मामा, आत कुणाला सोडता येत नाही." मामा म्हणाले, "मी कुठं आत येतो म्हनतो? तू जा. तू पन कुनाचा तरी पोरगा हायस, पूजा येत असंलच तुला." हवालदार गेला. चपला काढून गेला. परत आला तर मामांनी राहिलेली सुटी फुलं त्याच्या ओंजळीत घातली. "तुमच्या बंदुकांना पन वाहा. आमच्या तिघी नोकरीतनं सुटल्या, त्या अजून नोकरीत हायत." मला हसू आवरेना. मामांकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. मग मलाही हसता येईना.

ते दिवस तसेच चालू राहतील असं वाटायचं. वाटतंच माणसाला.

मग नियम बदलला. एका परवान्यावर तीन बंदुका चालत होत्या, आता दोनच. तिसरी वर्षअखेरीपर्यंत सरकारजमा. ठासणीची जाणं शक्य नव्हतं, ती मामांच्या बापाची. खटक्याची एकटीच आवाज करणारी, ती राखणीला हवी. म्हणजे जाणार ती मस्केट. सरकारजमा म्हणजे काय हे मी विचारून घेतलं होतं. कुठेतरी कोठारात पडून राहणार आणि पुढे कधीतरी कापून वितळवणार.

वाट एक होती. मी स्वतःच्या नावाने परवाना काढायचा आणि मस्केट माझ्या परवान्यावर घ्यायची. सुनेला ते करता येतं, असं ठाण्यातच कळलं. मामांना आनंद झाला, पण दाखवला नाही. "बंदूकवाली बाय," एवढंच म्हणाले आणि पुढे आठवडाभर मला तीच हाक मारत राहिले. मी अर्ज केला. चौकशी व्हायची होती, आणि त्यात काही अडचण दिसत नव्हती. वाडी होती, पीक होतं, वांदरं तर होतीच.

आणि वादळ आलं. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी आडवी होती. पोफळी एकाच दिशेला, विंचरल्यासारख्या. माड मुळासकट. विहिरीपाशी उंडी होती तिथे आभाळ दिसत होतं. घरावरची कौलं निम्म्याहून जास्त गेली, माजघरात खारं पाणी. आम्ही सगळे जिवंत होतो, त्याबद्दल सासूबाईंनी देवापुढे हात जोडले. मामांनी काहीच केलं नाही. मागच्या दारच्या पायरीवर जाऊन बसले ते बसलेच. दिवस उलटले तरी बोलेनात. ताट पुढे ठेवलं तर बोटं फिरवून बाजूला सारायचे. शेजारी येऊन रडून गेले, हे नुसते बघत राहिले. वाडी त्यांच्या बापाने लावलेली, त्यांनी शिंपून वाढवलेली. मला भीती वाटायला लागली की वाडीबरोबर हाही माणूस गेला.

एका सकाळी मी कपाट उघडलं. तिन्ही बंदुका भिजलेल्या, केशरी गंज धरलेल्या. मस्केट उचलून पायरीवर त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. सासूबाई आतून म्हणाल्या, "घरावर कौल न्हाय आनि ह्यांना बंदुका पुसायच्या." मामांनी बराच वेळ नळीवर अंगठा फिरवला. मग घसा खाकरून म्हणाले, "मशीनचं तेल हाय का गं?"

मशिनीच्या खणात बाटली शाबूत होती. त्या दिवशी आम्ही तिन्ही बंदुका निळ्या ताडपत्रीखाली बसून साफ केल्या. दुपारी मामा जेवले. म्हणून मला ती मस्केट हवी होती. ती सुंदर होती म्हणून नाही, आम्ही दोघांनी मिळून सांभाळली होती म्हणूनही नाही. तिने माझा सासरा मला परत दिला होता.

वादळानंतर लगेच तलाठी आले होते. पडलेल्या माडांवरून उड्या टाकत त्यांनी पंचनामा केला आणि लिहिलं, पूर्ण नुकसान. पाऊस सरल्यावर तेच तलाठी पुन्हा आले, या वेळी माझ्या परवान्याच्या चौकशीला. ओटीवर बसले, वर ताडपत्री फडफडत होती. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "मामा, मी आता काय लिहू सांगा. राखणीचा परवाना पाहिजे तर पीक उभं दाखवायला हवं. भरपाई पाहिजे तर पीक गेलं हे दाखवायला हवं. एका वाडीचे दोन कागद मी कसे करू? वर दोन्ही एकाच टेबलावर जातात."

माणूस वाईट नव्हता. उलट वाट काढायला बघत होता. म्हणाला, भरपाई अजून मंजूर व्हायची आहे, पंचनामा सुधारून घेता येईल, काही झाडं उभी आहेत असं लिहितो. त्यात भरपाई बहुधा अडकेल, पण परवान्याचं काम होऊन जाईल.

"लिहा," मी म्हणाले. विचारही केला नाही.

सासूबाई ओल्या हातांनी दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मान वर करून ताडपत्रीकडे बघितलं.

मामा उठले. तलाठ्यांना म्हणाले, "चला, उभी झाडं बघून येऊ." सगळे वाडीत गेलो. वादळानंतर मी लावलेली माडा-पोफळीची रोपं गुडघाभर झाली होती, त्यांच्यावर झावळ्यांची सावली केलेली. मामांनी त्यांच्याकडे बोट केलं. "ही हायत. ह्यांना वांदर पन विचारत न्हाय." मग तलाठ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाडी गेली. तुम्ही तसं लिवलंय, तसंच ऱ्हाऊं द्या. गेलेली वाडी उभी हाय म्हनून लिवलेलं मला बघवनार न्हाय."

तलाठी गेल्यावर मी भांडले. माझी जीभ तशीही लांब आहे, त्या दिवशी तिला लगाम नव्हता. कौलं मागून येतील, म्हटलं, माझे दागिने आहेत, माहेरून आणू, पण ती गेली की गेली. तुम्हाला तिचं काहीच नाही, असंही म्हटलं. मामा ऐकत राहिले. मी दमल्यावर शांतपणे म्हणाले, "बाय, तुझ्या आत्याच्या डोक्यावर कौल न्हाय. पुढल्या पावसात मस्केट डोक्यावर धरून बसू काय आमी?"

मी आत जाऊन रडले.

पडलेल्या माडांचे जेवढे नारळ हाती लागले तेवढे आम्ही गोळा केले होते. फोडले, पत्र्यांवर खोबरं सुकवलं, घाणीवर नेलं. ते आमच्या वाडीचं शेवटचं तेल. त्यानंतर आमच्या घरात खोबरेल पहिल्यांदा दुकानातून आलं. सासूबाई त्या पिशवीला आल्यागेल्यापासून लपवायच्या.

मस्केट जमा करायच्या दिवशी सकाळी चांगला गारठा होता. मी मशिनीच्या खणातली बाटली घेऊन ओटीवर आले तर मामा आधीच बसलेले. मस्केट मांडीवर, आणि पुढ्यात उन्हाच्या पट्ट्यात पितळी वाटी. वाटीत आमचं खोबरेल, कडेने वितळत आलेलं, मधे अजून पांढरं. मला बघून त्यांचा हात थांबला. रागावलेल्या मास्तरांकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

मी बाटली पदराखाली घेतली. समोर बसले, बोल्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी बोटाने तेल घातलं, मनसोक्त. बोल्टला, नळीला, चाचांनी घडवलेल्या त्या दस्त्याला. तान्ह्या पोराला लावावं तसं, सांध्यासांध्यात मुरवत. "तिकडं थंडीत आखडंल ती," ते म्हणाले. "आखडूं दे. वाडीतली हाय, कळंल त्यांना."

ठाण्यात साहेब नवे होते. नळी मोकळी आहे ना हे बघायला त्यांनी बोल्ट ओढला आणि हात तेलाने माखला. त्यांनी बोटं नाकाशी नेली. "हे काय लावलंय?"

"खोबरेल," मामा म्हणाले. "घरचं हाय."

साहेबांनी हात रुमालाला पुसले आणि पोचपावती दिली. पिवळ्या साडीचा तुकडा मामांनी घडी करून खिशात ठेवला. परतीला आम्ही एसटी धरली. मला तेव्हा वाटलं होतं तेच आजही वाटतं, ते बरोबर होते आणि मला ते अजूनही पटलेलं नाही.

भरपाई आली, घरावर कौलं चढली. मामा त्या कौलांखालीच गेले, झोपेत. मस्केट गेल्यानंतर बंदुका पुसायला बसले की ते काठी हातात घेऊन तिसरी कुठे आहे असं क्षणभर शोधायचे. ते गेल्यावर उरलेल्या दोघींसाठी मी वारस म्हणून परवाना मागितला. तलाठी आता दुसरे आहेत. वाडीत फिरले, माझ्या खांद्याच्या वर गेलेल्या पोफळी बघितल्या, माड बघितले, आणि कागदावर लिहिलं, पीक उभे आहे. मी ते दोनदा वाचून घेतलं. परवाना माझ्या नावावर झाला.

यंदा नव्या माडांना नारळ धरले. थोडेच. खोबरं सुकवून घाणीवर नेलं आणि छोटी बाटली भरून तेल आलं. थंडी पडली तेव्हा ते फळीवर घट्ट झालं. मी बाटली उन्हात धरून उभी राहिले आणि मला मस्केट आठवली. कुठल्या कोठारात असेल. असलीच अजून, तर आज तिचा बोल्टही असाच आखडला असेल, आमच्या तेलाने.

मग मी आत गेले, खटक्याचीला बाहेर काढलं आणि समोर बसून तिला तेच तेल लावलं, मामांसारखं, सांध्यासांध्यात. दुसऱ्या दिवशी ती उघडेना. मशीनची बाटली खणात आहे, पण मी हात लावलेला नाही. वांदरं पुन्हा यायला लागली आहेत. ती आली की मी पत्र्याचा डबा वाजवते.